प्रोपेलर आडवा ठेवायचा असतो

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या वर, लोक जिथे धावत्या घोड्यांचं चित्र लावतात तिथे एक लाकडी प्रोपेलर आडवा टांगलेला आहे. दोन पात्यांचा, मधाच्या रंगाचा, लांबीला माझ्यापेक्षा चार बोटं जास्तच. नवीन आलेलं माणूस आधी त्याच्याकडे बघतं, मग माझ्याकडे, आणि विचारतं, "शोभेचा आहे का?" मी हो म्हणते. खरं सांगायला बसले तर चहा गार होतो आणि माझा आवाज बिघडतो.

तो उडायला आला होता, पण उडाला नाही. का उडाला नाही, याचं कारण मी जवळजवळ तीन वर्षं ज्याला त्याला सांगत होते: आमच्या घरातल्या माणसाची धरसोड. हे मी बिल्डिंगमधल्या बायकांना सांगितलं, माझ्या शिवणक्लासला सांगितलं, पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं, आणि ज्या माणसाबद्दल सांगत होते त्याच्या तोंडावर तर रोज सांगितलं. गेल्या सप्टेंबरात मला खरं कारण कळलं. तेव्हापासून मी जरा कमी बोलते, असं मुलगी म्हणते.

माझा नवरा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं फिटर होता. होता कसलं, होते. मी त्यांना लग्नापासून अहो म्हणत आले आणि आता कागदावर तरी त्यांना अरेतुरे करायला नको. तेहेतीस वर्षं त्यांनी विमानं जोडली आणि त्यातल्या एकातही बसून ते जमिनीवरून वर गेले नाहीत. गच्चीवर कपडे वाळत घालताना वरून काही गेलं की मान वर न करता सांगायचे, कुठलं आहे, आणि त्याचं इंजिन आज नीट बोलतंय की नाही. मला सगळे आवाज सारखे. मी म्हणायचे, "चिमटे द्या आधी."

निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, हे विमान उडवायला शिकले. सगळ्यांच्या आधी मीच हसले. पण परवाना आला त्या दिवशी क्लासमधल्या बायकांना पेढे वाटले तेही मीच. मग एक दिवस घरी बातमी आली, की ते आणि त्यांचे एक मित्र मिळून दोन माणसांचं हलकं विमान बांधणार. हे मित्र गुलाबाची शेती करणारे, मखमलाबादच्या बाजूला त्यांची हरितगृहं. लहानपणापासून गुलाबाला पाणी देता देता वरची विमानं बघून त्यांची मान वाकडी झाली, असं ते स्वतःच सांगतात. त्यांना उडवायला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. त्यांना इंजिनाचं वेड. फुलं बांधायची त्यांची एक मोठी शेड रिकामी होती. त्या शेडमध्ये खोक्यांतून सुटं विमान आलं.

मला वाटलं होतं, चला, आता दुपारी घर रिकामं मिळेल. तसं झालं नाही. त्या विमानाच्या पंखांना कापड होतं. ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर कापड ताणून चिकटवायचं, इस्त्री फिरवून आवळायचं, आणि मग एकेका फासळीपाशी मेणाच्या दोऱ्याने आरपार टाके घालायचे. खोक्यांबरोबर आलेलं जोडणीचं पुस्तक माझ्यासमोर धरून हे म्हणाले, "हे नाशकात तुझ्याइतकं सरळ कोणी घालणार नाही." तीस वर्षं ब्लाउज शिवून मला एवढं कोणी बोललं नव्हतं. मी गेले.

एक पंख आडव्या घोडीवर उभा करायचा, अलीकडे मी, पलीकडे ते. मी लांब सुई आत घालायची, त्यांनी पलीकडून ओढून पुन्हा माझ्याकडे पाठवायची. मधे कापडाची भिंत, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. आम्ही लग्नानंतर सलग कधी बोललो नव्हतो तेवढे त्या पंखातून बोललो. उजवा पंख शिवायला एक अख्खा पावसाळा गेला.

त्याच्या आधीच्या एप्रिलमध्ये त्यांचा काचबिंदू सापडला होता. हा रोग मधे काही करत नाही, कडेकडेने नजर खात आत येतो. समोर बघताना माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे. औषधाने तो थांबला तर थांबतो, गेलेलं मात्र परत येत नाही. विमान उडवणाऱ्यांना दर वर्षी डॉक्टरांची सही लागते. त्या डॉक्टरांनी सगळे कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "या वर्षीची सही देतो. पुढच्या एप्रिलला या. तेव्हाचं मी आत्ता बोलत नाही."

म्हणजे आमच्या हातात एक वर्ष होतं. त्या एप्रिलच्या आत विमान पुरं व्हायला हवं होतं आणि त्यांनी ते स्वतः, स्वतःच्या हाताने, एकदा तरी वर न्यायला हवं होतं. बाकी कशाचीच घाई नव्हती. आमचं दोघांचं सगळं झालं होतं, मुलीचं लग्नसुद्धा. एवढंच राहिलं होतं.

आणि या घाईत हे दोघे महिनाभर प्रोपेलर कुठला घ्यायचा यावर वाद घालत बसले.

तीन प्रकार होते. एक लाकडी, दोन पात्यांचा. त्याच्या पात्यांचा कोन घडवतानाच ठरतो, नंतर बदलत नाही. दुसरा कार्बनचा, तीन पात्यांचा, जमिनीवर उभं असताना बोल्ट सैल करून कोन कमीजास्त करता येतो. तिसरा उडता उडता कोन बदलणारा. मला पहिले चार दिवस काही कळलं नाही. मग त्यांनी मला शिलाई मशीनवर सांगितलं. टाका लहान ठेवला तर मशीन भरभर चालवूनही कापड हळू सरकतं, पण जाड कापडातून सहज जातं. टाका मोठा ठेवला तर कापड पटकन सरकतं, पण जाड शिवणीपाशी मशीन अडतं. कोन लहान असेल तर विमान पटकन वर चढतं, मात्र वर गेल्यावर इंजिन नुसतं ओरडतं आणि विमान पुढे जात नाही. कोन मोठा असेल तर वर आरामात पळतं, पण जमीन सोडताना जड होतं. लाकडी म्हणजे टाका कायमचा ठरलेलं मशीन. कार्बनचा म्हणजे मशीन थांबवून बटण फिरवायचं. तिसरा म्हणजे पायडल मारता मारता फिरवायचं.

"मग तिसराच घ्या की," मी म्हणाले.

"नको. त्याला आणखी एक दांडी, आणखी एक काटा बघायचा. माझ्या डोळ्यांना आहे तेवढं पुरे आहे," ते म्हणाले. डोळ्यांबद्दल ते त्या वर्षात एवढंच एक वाक्य आपणहून बोलले.

राहिले दोन. विमान उडणार होतं देवळ्याच्या पुढच्या एका माळावरून. तिथे एकाची खाजगी धावपट्टी होती, आखूड, आणि उन्हाळ्यात तापलेली. गुलाबवाल्यांचं म्हणणं कार्बनचा घ्यावा. "दादा, लाकडाचा काय भरोसा हाय? पावसाळ्यात दारं फुगत्यात, मग ह्यो नाय फुगणार? कार्बनला ऊन नाय, पाऊस नाय. कोन चुकला तर बदलता येतो. लाकडाचा चुकला तर काय, चुलीत घालायचा?"

आमच्या घरचं म्हणणं लाकूड. लाकूड इंजिनाची थरथर पिऊन टाकतं, हलकं असतं, काही लागलं तर स्वतः तुटतं पण इंजिनाला धक्का पोचू देत नाही. आखूड पट्टीसाठी चढणीचा कोन आधीच घडवून घेता येईल. हे सगळं खरं असेल. पण मला वाटतं, जन्मभर पत्रा आणि रिवेट यांत गेलेल्या माणसाला एकदा लाकडाला हात लावायचा होता.

दोघांचंही अडलं तेव्हा गुलाबवाले म्हणाले, "वहिनींना विचारू. पंख त्याच शिवत्यात, त्यांचंबी मत हायच की."

दोन्हीचे नमुने शेडमध्ये होते, हातभर लांबीचे तुकडे. मी दोन्हींवरून हात फिरवला. कार्बनचा काळा, गार, तव्याच्या दांड्यासारखा. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवलेले दिसत होते आणि तो हाताला गरम लागत होता. "हा," मी म्हणाले. तिघेही हसलो. माझी निवड ती.

लाकडी प्रोपेलर ऑगस्टमध्ये आला. शेडला गुलाबांच्या पाण्याची ओल, वरून पावसाची, म्हणून तो आमच्या घरी आणला. त्यांनी सोफ्याच्या वर दोन खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना मी शिवलेल्या जाड गाद्या बांधल्या आणि त्यावर तो आडवा ठेवला. येता जाता ते त्याला हात लावायचे. मी म्हणायचे, "मला कधी असा लावला नाहीत." ते लाजायचे, खरंच, त्या वयात.

ऑक्टोबरमध्ये त्यांना इंजिनाचं शिक्षण घ्यायला पंधरा दिवस बंगळुरूला जावं लागलं. निघताना बूट घालता घालता म्हणाले, "प्रोपेलर आडवाच असू दे हं." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांना प्रत्येक वस्तूबद्दल असं काहीतरी असतंच. रिमोट उलटा ठेवू नको, पाना ओल्या हाताने धरू नको. ऐकून मी डबा हातात दिला.

ते गेले आणि तीन दिवसांनी घट बसले. आमच्याकडे देव्हाऱ्याशेजारी जमिनीवर पत्रावळ ठेवून त्यावर काळी माती पसरतात, धान्य पेरतात, मधे मातीचा घट ठेवतात. घट पाझरत राहतो, वरून रोज पाणी शिंपडायचं, नवव्या दिवसापर्यंत हिरवे कोंब चांगले वीतभर येतात. एकदा बसवलेलं नऊ दिवस हलवायचं नसतं. नवमीला खंडेनवमी, त्या दिवशी घरातली हत्यारं पूजायची. माझी कात्री आणि मशीन, त्यांचे पाने आणि ड्रिल.

माझ्या मनात आलं, खंडेनवमीला एक दिवस कशाला, याला नऊही दिवस देवीपाशी ठेवू. माणूस डोळ्यांनी अधू होत चाललाय, त्याला हा वर नेणार आहे. देवीने त्याच्यावर हात ठेवायला हवा. हे सगळं मी अगदी रडून वगैरे ठरवलं, आणि मग शेजारणीच्या मदतीने प्रोपेलर खाली उतरवला. आडवा तिथे मावत नव्हता. उभा केला. वरचं टोक भिंतीला टेकवलं, खालचं टोक घसरू नये म्हणून पत्रावळीच्या कडेच्या मातीत दाबून बसवलं. छान उभा राहिला. मग मला तो उघडा दिसायला लागला. देवीसमोर नवी वस्तू उघडी ठेवू नये म्हणून एक हिरवा खण घेतला, निऱ्या घातल्या आणि खालच्या पात्याला नेसवला. खण सुळसुळीत, गाठ राहीना. माझ्या तोंडात सवयीने टाचण्या होत्याच. लाकूड कठीण होतं, म्हणून कात्रीच्या मुठीने हलकेच ठोकून तीन बसवल्या. काय देखणा दिसत होता! मी फोटोसुद्धा काढला आणि आल्यावर दाखवू म्हणून ठेवला.

चौथ्या माळेला त्यांचा फोन आला. जेवलात का, झोप लागते का, सगळं झालं. मग म्हणाले, "प्रोपेलर आडवाच आहे ना?"

"आहे हो, आहे तिथेच आहे," मी म्हणाले आणि शेजारणीकडे बघून डोळे मिचकावले.

दसऱ्याच्या दुपारी ते आले. दारातून थेट देव्हाऱ्यापाशी गेले. मी उत्साहात सगळं सांगत होते, नऊ दिवस, रोजची माळ, कोंब बघा केवढे आलेत. ते पात्याकडे बघत होते. मग वाकून त्यांनी खालच्या टोकाला हात लावला, मातीतून जरासा उचलला आणि पुन्हा टेकवला. "छान दिसतोय," म्हणाले. "खण कुठला? आईचा?" मी हो म्हणाले. त्यांनी देवीला नमस्कार केला, मला सोनं दिलं, आपट्याची दोन पानं. खण त्यांनी स्वतः सोडवला, टाचण्या मोजून माझ्या डबीत टाकल्या.

त्या आठवड्यात ते प्रोपेलर शेडवर घेऊन गेले. दिवाळीच्या आधी परत आणला, पुन्हा खुंट्यांवर आडवा ठेवला आणि म्हणाले, "मी विचार बदललाय. कार्बनचा मागवू."

मी कात्री खाली ठेवली. "काय?"

"कोन बदलता येतो. देवळ्याची पट्टी आखूड आहे. आपल्या गुलाबवाल्याचंच बरोबर होतं."

"आणि हा?"

"तुझी निवड आहे. राहू दे घरात. चांगला दिसतो."

कार्बनचा परदेशातून यायला सात-आठ महिने लागणार होते. एप्रिल सहा महिन्यांवर होता. हे गणित माझ्या क्लासमधल्या नव्या मुलीलाही आलं असतं. मी काय काय बोलले ते आठवतं. म्हणाले, तुमचं जन्मात काही ठरलेलं नाही. मुलीचं नाव ठेवायला बारा दिवस पुरले नाहीत तुम्हाला. लग्नालाही तुमच्या वडिलांनीच हो म्हटलं होतं. म्हणाले, घाबरलात, सरळ सांगा ना, वर जायचीच भीती वाटते. हे शेवटचं मी एकदा नाही, पुष्कळदा म्हणाले. ते म्हणायचे, "असेल."

डावा पंख शिवायचा राहिला होता. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, आठवड्यातले चार दिवस आम्ही शेडमध्ये समोरासमोर, मधे कापड. या वेळी बोलणं एकाच बाजूने चालायचं. मी सुई घालायचे आणि टोमणा मारायचे, सुई घालायचे आणि टोमणा मारायचे. पलीकडून सुई परत यायला आता वेळ लागत होता. ते टोक बोटांनी चाचपत शोधायचे, ते मला कापडावर उमटणाऱ्या बोटांवरून कळायचं. मी म्हणायचे, "सुईसुद्धा घ्यावी की नाही ते ठरेना वाटतं?" गुलाबवाले एकदा हातातलं काम टाकून बाहेर निघून गेले. मला वाटलं, इंजिनाचं काही अडलं असेल.

मार्चमध्ये प्रोपेलर सोडून सगळं विमान तयार होतं. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी एका पांढऱ्या वाडग्यात त्यांचं डोकं ठेवायला लावलं आणि कडेकडेने बारीक दिवे लावले. दिसला दिवा की बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. मला दिवे लागलेले दिसत होते आणि बटण वाजत नव्हतं. बराच वेळ वाजलं नाही. डॉक्टरांनी सही केली नाही. रिक्षात ते म्हणाले, "भाजी घ्यायची आहे का? थांबवू?" मी बाहेर बघत राहिले. मला त्यांचा राग आला होता, देवाशपथ, त्या रिक्षातसुद्धा रागच आला होता.

जूनमध्ये कार्बनचा प्रोपेलर आला. तीन काळी पाती. पाऊस संपल्यावर देवळ्याच्या माळावर हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका वैमानिकाने ते विमान पहिल्यांदा वर नेलं. हे खाली कांद्याच्या चाळीपाशी डोळे मिटून उभे होते. विमान एक फेरी मारून गेलं तसे म्हणाले, "कोन अर्धा अंश जास्त झालाय. इंजिन दबतंय." खाली आल्यावर वैमानिकही तेच म्हणाला. बोल्ट सैल करून त्यांनीच बोटांनी पाती फिरवली आणि विमान दुसऱ्यांदा गेलं ते सरळ वर गेलं. वैमानिकाने खूप आग्रह केला, काका, शेजारी बसा, एक चक्कर मारून आणतो. ते नको म्हणाले. "मी जोडलेल्या विमानात पाहुणा म्हणून नाही बसणार." घरी येताना मी ऐकवलंच, की आता मिजास कशाला, वेळ होती तेव्हा ठरवलं नाहीत.

विमान आता त्या वैमानिकाकडेच असतं. चांगलं उडतं म्हणतात. माझे टाके अजून एकही सुटलेले नाहीत.

गेल्या सप्टेंबरात घट बसायच्या आधी मी घर पुसायला काढलं. ते आता समोरचंही अंधुकच बघतात, त्यामुळे भिंतीवरची कामं माझ्याकडे आली आहेत. प्रोपेलर मी कधी खाली काढला नव्हता, तो ते स्वतः पुसायचे. मी शिडीवर चढून त्याच्या मागे फडकं घातलं आणि बोटाला काहीतरी लागलं. भिंतीकडच्या बाजूला, टोकापासून वीतभर आत, बारीक भोक. त्याच्या शेजारी दुसरं. त्याच्या शेजारी तिसरं.

शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक बाईचं टाचणीचं अंतर ठरलेलं असतं. माझं दोन बोटं आहे. मी दोन बोटं ठेवून बघितली आणि शिडीवरच बसले.

मग तो खाली घेऊन उलटा केला. भोकांपासून टोकाकडे लाकडाच्या दोन थरांमधून एक केसासारखी रेघ गेली होती. तिच्यावर तीन ठिकाणी पेन्सिलीच्या आडव्या बारीक खुणा होत्या. कारखान्यातली सवय. तडा कुठपर्यंत आलाय ते बघायचं, तिथे खूण करायची, आणि काही दिवसांनी पुन्हा बघायचं पुढे सरकला का. तीन वेळा त्यांनी बघितलं होतं. तीनही वेळा तो सरकला होता.

मी गुलाबवाल्यांना फोन केला. मी प्रोपेलरचं विचारलं, ते आधी गुलाबांचंच सांगत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, दादांनी शपथ घातलेली हाय मला."

"ती मोडली असं समजा. भोकं सापडलीत मला."

ते हळूच म्हणाले, "लाकूड लय पाणी प्यालं व्हतं. दोन पट्ट्यांवर तोलायला ठेवलं की एकच पातं खाली जायचं, सारखं तेच. उभं ठिवलं की ओल सगळी खालच्या पात्यात उतरती, म्हणून तर आडवं ठिवायचं असतंय. दादांनी पंधरा दिवस वाळवून बघितलं. तोल आला, पण टाचणीपासून थर सुटत गेला. तसल्या पात्यावर उडता येतंय व्हय? दुसरा लाकडी घडवून घ्यायचा तर घडवणाऱ्याकडं तवा लांबचा नंबर व्हता, त्यालाबी एप्रिल उलटला असता." मग म्हणाले, "मी म्हणलो व्हतो, वहिनींना सांगा. नाय म्हणले."

ते बाल्कनीत बसले होते. हल्ली ते क्लासच्या हुकांची आणि बटणांची खोकी घेऊन बसतात आणि बोटांनी चाचपून वेगवेगळी करून देतात. मी समोर जाऊन बसले. 

"टाचण्या माझ्या होत्या," मी म्हणाले.

त्यांचा हात हुकांच्या ढिगावर थांबला. मग त्यांनी आणखी एक हूक उचलून खोक्यात टाकला. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. भोकं बोटाला लागली." मग मी रडले. आवाज करून रडले, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं. म्हणाले, तुमचं वर्ष मी मातीत घातलं. फोनवर खोटं बोलले. आणि वर तुम्हालाच तीन वर्षं बोलत राहिले, घाबरट म्हणाले, आणि तुम्ही एकदाही, एकदाही तोंडातून काढलं नाहीत. का?

त्यांनी माझा हात शोधला. दोनदा चुकला, मग सापडला. त्यांनी माझ्या तर्जनीच्या टोकावरून अंगठा फिरवला, तिथे सुईने कातडी कायमची खरबरीत झाली आहे.

"डावा पंख राहिला होता ना," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा त्याला सुई लावली असतीस का?"

लावली नसती. कात्रीलाही हात लावला नसता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी हात सोडला आणि पुन्हा हूक वेगळे करायला घेतले. मी आत जाऊन प्रोपेलर उचलला आणि खुंट्यांवर आडवा ठेवला, या वेळी टाचण्यांच्या भोकांची बाजू पुढे करून. डावा पंख मी त्या जानेवारीत पुरा केला होता. उजव्यापेक्षा सरळ झाला होता, एकही टाका उसवावा लागला नव्हता. ते पलीकडून सुई देत होते, मी अलीकडून घेत होते आणि प्रत्येक टाक्याला म्हणत होते, तुमचं काही ठरत नाही, तुमचं कधीच काही ठरत नाही.